पोटात काही नको

जावई : मामा, तो पाय वर घ्या. पलंगावरून असा लोंबकळत ठेवला की सूज येते.

सासरे : जावईबापू, पाय माझा, सूज माझी, पलंग यांचा. तुमचं यात काय जातंय?

जावई : तुमची लेक जाते. म्हणजे, येते. कामावरून सुटून ती इथे आली आणि पाय असा दिसला, तर बोलणी मी खाणार.

सासरे : हे मात्र खरं. हा घ्या, घेतला वर. आता तुम्हीही बूड टेका. मघापासून त्या भिंतीवरच्या पाटीकडे काय टक लावून बघताय?

जावई : 'नातेवाईकांनी शांतता राखावि.' वि ऱ्हस्व काढलाय.

सासरे : अरे देवा. मग करा की दीर्घ, पेन आहे ना खिशात? छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढता, आज सुट्टी घेतलीत ना?

जावई : घेतली आहे.

सासरे : डोळ्यांनी नाही घेतलेली.

डॉक्टर : येऊ का आत? मी भूल देणारी डॉक्टर. काल फोनवर बोललो आपण, काका.

सासरे : या, या, बसा. तुम्ही का त्या! आवाजावरून उंच वाटला होतात.

डॉक्टर : सगळ्यांनाच वाटते. तुमचा आवाज मात्र काल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

सासरे : सिंकखाली होतो ना! अर्धं अंग कपाटात, हातात पाना, आणि फोन कानाला लावायला शेजारीण उभी. तिचा सिंक तुंबला होता.

डॉक्टर : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही नळकाम करत होतात?

सासरे : मग काय करणार? आज मी इथे, उद्या मी इथे, आठवडाभर मी इथे. तिनं भांडी कुठे घासायची?

जावई : मी नको म्हणालो होतो, डॉक्टर.

सासरे : हे माझे जावई. कुणाचं काहीही छापायचं असो, आधी यांच्या नजरेखालून जातं. काना, मात्रा, वेलांटी. मी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी निरूपण करतो, उभ्यानं, गाऊन. मागच्या खेपेला दोन तास गायलो. लोक डोळे पुसत होते, तुम्हाला सांगतो. आणि हे पहिल्या रांगेत. खाली उतरलो तर मला म्हणतात, 'मामा, छान झालं, पण तुम्ही आशीर्वादातला रफार वर उचलून थेट वा-वर नेऊन ठेवता.'

जावई : तुम्ही विचारलंत, कसं झालं म्हणून.

डॉक्टर : तोंड उघडा बघू मोठं. आ. छान. दात सगळे तुमचेच?

सासरे : डावीकडचा एक उसना आहे. वरच्या पट्टीत गेलो की थरथरतो.

डॉक्टर : तो काढून जावयांकडे द्या. सकाळपासून पोटात काही?

सासरे : पाण्याचा थेंब नाही.

डॉक्टर : आणि सुई? पायातल्या गुठळीसाठी रोज सकाळी रक्त पातळ करायची सुई घेता ना, पोटात? ती शेवटची कधी घेतलीत?

सासरे : पोटात? काल सकाळी. आज पोटाला कुणी बोट लावलेलं नाही.

जावई : म्हणजे, पोटाला...

सासरे : रोज हेच टोचतात मला. बघा काय दिवस आले! सासऱ्यानं जावयाला टोचून बोलायचं, ही रीत. इथे जावई सासऱ्याला सुईनं टोचतो, आणि वर विचारतो, 'मामा, दुखलं का?'

डॉक्टर : हात हलका असणार त्यांचा. पोटावर फारसे डाग नाहीत. बरं, आता माझं काम सांगते, नीट ऐका दोघंही. आतड्यातली गाठ काढायची म्हणजे पोटावर मोठा छेद. तुम्हाला झोप मी लावीनच. पण त्याआधी, तुम्ही जागे असतानाच, पाठीच्या कण्यात एक नळी बसवीन.

सासरे : नळी म्हणजे केवढी?

डॉक्टर : शिवायच्या जाड दोऱ्याएवढी.

सासरे : अर्ध्या इंचाखाली मी कधी कामच घेतलं नाही.

डॉक्टर : म्हणून ते माझ्याकडे. त्या नळीतून थेंब थेंब औषध जात राहतं आणि ऑपरेशननंतर पोट दुखत नाही. म्हणजे फार दुखत नाही. पोट दुखलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छाती भरते. तुम्ही गाणारे. तुम्हाला छाती मोकळी हवी.

सासरे : वा! ही बाई आपल्यातली आहे, जावईबापू.

जावई : डॉक्टर, सुईचं तुम्ही मुद्दाम विचारलंत. का, ते कळेल?

डॉक्टर : हो, ते सांगणारच होते. ही नळी जिथे बसते ती जागा फार अरुंद असते. बाजूला हाड, आणि लगेच आत पायांकडे जाणाऱ्या नसा. नळी घालताना कधीतरी एखादी बारीक रक्तवाहिनी खरचटते. एरवी रक्त तिथल्या तिथे थिजतं, काही होत नाही. पण रक्त पातळ असलं तर ते झिरपत राहतं. आणि झिरपलेल्या रक्ताला तिथे जायला जागाच नाही.

सासरे : म्हणजे भिंतीतली गळती.

डॉक्टर : म्हणजे?

सासरे : नळ बाहेर गळला तर माणूस खाली बादली लावतो. ठिबक ऐकू येते. पण भिंतीतल्या भिंतीत जोड सुटला तर बाहेर सगळं कोरडं. घरातली माणसं आनंदात. आणि एक दिवस भिंत फुगते.

डॉक्टर : अगदी तसंच. फक्त इथे भिंत फुगत नाही, ती हाडाची. दाबल्या जातात त्या नसा. पाय बधिर होतात, मग हलत नाहीत. वेळेत कळलं तर पाठ उघडून रक्त काढता येतं. उशीर झाला, तर पाय गेले ते गेले.

सासरे : दोन्ही?

डॉक्टर : दोन्ही जाऊ शकतात. क्वचित होतं, काका, फारच क्वचित. घाबरवत नाही मी. सुई वेळेवर थांबवलेली असली की धोका अगदी नगण्य. म्हणून तर काल तुम्हाला फोन केला. बरं, काही विचारायचंय? 

जावई : डॉक्टर, मला एक...

सासरे : यांना पाणी हवंय. माझ्यासमोर पितील कसे, मी उपाशी ना! सज्जन माणूस आहे. तुम्हाला त्या सिस्टर हाका मारतायत बाहेर.

डॉक्टर : हो, ऐकलं. शेजारच्या खोलीत एकाला बघून येते. मग तुम्हाला आत घेऊ.

जावई : मामा.

सासरे : गेल्या का?

जावई : गेल्या. मामा, आज सकाळी मी तुम्हाला सुई दिली.

सासरे : हळू बोला. पाटीवर काय लिहिलंय?

जावई : मांडीत दिली. तुम्ही काल रात्री जेवताना म्हणालात, 'त्या बाईंचा फोन आला होता, उद्या पोटात काही नको.' मी विचार केला, रोजची सुई पोटात जाते. पोटात काही नको म्हणजे सुईही पोटात नको. मग दुसरीकडे कुठे चालते ते त्या डबीतल्या कागदावर बघितलं. मांडीत चालते असं होतं. म्हणून मांडीत...

सासरे : आणि मी पाय पुढे केला. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, वाचूनच करतोय.

जावई : त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या फोनवर? शब्द आठवा.

सासरे : आता आठवतायत. 'आजची पोटातली सुई झाली ना? ती शेवटची. उद्या पोटात सुई नको, अन्न नको, पाणी नको.' असं काहीतरी. सिंकमधून एकदम काळं पाणी आलं अंगावर. मी म्हटलं, हो, हो. आणि तुम्हाला सांगताना म्हटलं, एवढं पाल्हाळ कशाला, पोटात काही नको, झालं.

जावई : तीन शब्द गाळलेत, मामा.

सासरे : आणि तुम्ही उरलेल्यांचा कीस पाडलात. फिटंफाट झाली. आता हा विषय मिटवा.

जावई : मिटवा? त्यांना सांगायला हवं. आत्ता.

सासरे : बसा खाली. बसा म्हणतो ना. हात द्या इकडे. ऐका. पहिली तारीख मिळाली तेव्हा पायात गुठळी निघाली, गेली तारीख. दुसऱ्यांदा सर्जन आजारी पडले, गेली तारीख. आज तिसरी. मी चपला बाहेर काढून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत आलोय, आता इथून परत घरी जाऊ? माझ्या आतड्यात जे वाढतंय ते तारीख बघून वाढत नाही.

जावई : पण पाय, मामा...

सासरे : क्वचित होतं म्हणाल्या. फारच क्वचित. तुम्ही शब्दाला धरून चालणारे ना? मग हा शब्द धरा.

जावई : त्याच्या पुढचाही शब्द होता. 'सुई वेळेवर थांबवलेली असली की.'

सासरे : माझ्याकडे बघा. घर चालवायला मी पायावर उभा आहे, हे कबूल. देवापुढे उभा राहतो तेही पायावरच. पण जगलो तर पाय. जगलोच नाही तर पाय कशाला, पोचवायला? घ्यायचा तो धोका माझा मला घेऊ द्या. माझं अंग आहे.

जावई : अंग तुमचं. सुई माझ्या हातची.

सासरे : तुम्हाला कोण बोल लावतंय?

जावई : कुणीच लावणार नाही. तेच भयंकर आहे. तुम्ही उठला नाहीत, तर सगळे म्हणतील, क्वचित होतं, नशीब. तुमची लेक माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडेल. आणि मी तिला थोपटत राहीन. असं किती वर्षं थोपटू मी?

सासरे : लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी काही मागितलं तुमच्याकडे? तुमच्या हातून टोचून घेतो, शर्ट वर करून, रोज, लहान पोरासारखा. कुणापुढे करीन मी असं? आज पहिल्यांदा मागतोय. एवढं गिळा.

जावई : मागच्या निरूपणात तुम्ही काय सांगितलंत? 'देवाच्या दारात जाताना मूठ उघडी ठेवा. मुठीत काही लपवलं असेल तर नमस्कार होत नाही.' मी रफाराचं बोललो, पण तेही ऐकलं होतं. पहिल्या रांगेत बसून.

सासरे : तुम्ही... तुम्ही माझंच मला ऐकवताय?

जावई : हो.

सासरे : गाताना सोपं असतं हो ते.

डॉक्टर : हं, काका, चला. ट्रॉली आली. चष्मा, दात, अंगठी, सगळं दिलंत जावयांकडे?

जावई : डॉक्टर, एक दुरुस्ती आहे.

डॉक्टर : कशात?

जावई : मामांनी तुम्हाला सांगितलं, पोटात सुई काल सकाळी. ते खरं आहे. आज सकाळी मी मांडीत दिली. पूर्ण मात्रा, रोजची तीच. निघायच्या जरा आधी.

डॉक्टर : आज? मांडीत? मांडीत का?

सासरे : कारण तुम्ही म्हणालात, पोटात काही नको.

डॉक्टर : मी...? थांबा. म्हणजे तुम्ही ती पोटाऐवजी... अरे बापरे.

जावई : चूक माझी आहे.

सासरे : चूक माझी. मीच निरोप कापला.

डॉक्टर : थोडी माझीही. मी 'रक्ताचं औषध बंद' असं म्हणायला हवं होतं. पोटातली सुई, पोटातलं अन्न, सगळं एका पोटात कोंबलं, आणि समोरच्या माणसाचा आवाज विहिरीतून येतोय हे कळत असूनही फोन ठेवला. काका, तुम्हाला हे मघाशीच कळलं होतं ना? मी नसांचं सांगत होते तेव्हा?

सासरे : भिंतीचं बोललो, तेव्हाच.

डॉक्टर : आणि तरी ट्रॉलीवर चढणार होतात.

सासरे : तिसरी तारीख आहे हो, बाई. परत पाठवाल.

डॉक्टर : आज काहीच होणार नाही, हे खरं. नळीही नाही आणि ऑपरेशनही नाही. एवढं पातळ रक्त असताना पोट उघडलं तर सर्जनला ते आवरता येणार नाही. पण घरी कोण पाठवतंय? एक दिवस जाऊ द्यायचा, औषध अंगातून उतरतं. मी सर्जनशी बोलते. उद्या सकाळी त्यांच्याकडे एक छोटं काम आहे, ते दुपारी सरकवता येईल का बघू. तुम्ही इथेच राहा, वॉर्डात. आणि उद्या सकाळी कुणी सुई घेऊन आलं, अगदी सिस्टर आल्या तरी, पोटात, मांडीत, कानात, कुठेच नाही.

जावई : कुठेच नाही. लक्षात राहील.

डॉक्टर : बोलून येते. तोवर चहा मागवा यांच्यासाठी. बिस्किटंही.

सासरे : पोटात?

डॉक्टर : पोटातच, काका.

जावई : मामा, रागावलात?

सासरे : चहात बिस्कीट बुडवलं की बोलू नये. तुटतं.

जावई : घ्या, सावकाश घ्या.

सासरे : रागावलोय. पण चहा चांगला आहे.

(ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले. त्यानंतर एक रात्र गेली आहे. सकाळचे ऊन वॉर्डाच्या खिडकीत आले आहे. सासरे पाठीतल्या नळीसह पलंगावर, जावई पायाशी स्टुलावर.)

जावई : डावा अंगठा.

सासरे : हा घ्या.

जावई : उजवा.

सासरे : जावईबापू, रात्रभर सिस्टर येऊन हेच विचारत होत्या. आता तुम्ही. माझ्या तोंडाकडे कुणी बघतच नाही.

जावई : उजवा, मामा.

सासरे : लेक गेली का घरी?

जावई : आत्ताच गेली, झोपायला. सर्जन येऊन तिला सांगून गेले, गाठ पूर्ण निघाली. तुम्ही विषय बदलताय. उजवा हलवा.

सासरे : एक सांगू? मी आत्ता चादरीखाली डावाच पुन्हा हलवणार होतो. तुम्हाला उजवा म्हणून खपवणार होतो.

जावई : का?

सासरे : उजवा येत नाही.

जावई : येत नाही म्हणजे? दुखतो?

सासरे : दुखत नाही. जड आहे. ओल्या वाळूचं पोतं ठेवलंय तसा. पहाटे सिस्टरनं विचारलं तेव्हा हलला होता. मघाशी तोंड पुसलं तेव्हापासून असा. अहो, धावू नका, घंटेचं बटण इथे आहे. दाबा. आणि त्या भुलीच्या बाईंनाच बोलवा म्हणावं.

डॉक्टर : काय झालं, काका? सिस्टर म्हणाल्या, पाय जड.

सासरे : उजवा. आधी हलत होता, आता नाही.

डॉक्टर : बोट लावते, कळतंय? इथे? इथे?

सासरे : कापडावरून लावल्यासारखं.

डॉक्टर : गुडघा वाकवा. जोर लावा. बरं. डावा? डावा ठीक आहे. काल रात्री गुठळीसाठी रक्त पातळ करायची छोटी सुई दिली होती, ती ठरलेल्या वेळीच दिलीय, मी बघितलं. आता ऐका. पहिलं काम, नळीतलं औषध बंद करते. झालं. पुष्कळदा औषधाचाच जोर एका बाजूला जास्त उतरतो आणि पाय झोपतो. तसं असेल तर थोड्या वेळात जागा व्हायला लागेल.

जावई : आणि तसं नसेल तर?

डॉक्टर : तर वाट बघत बसायचं नाही. स्कॅनच्या खोलीत सांगून ठेवते, तयार राहा म्हणून. मी इथून हलत नाही. काका, औषध बंद झालं की पोट दुखायला लागेल.

सासरे : ते माहीत होतं. म्हणून तर डाव्या अंगठ्याचा विचार चालला होता.

जावई : मग सांगितलंत का?

सासरे : तुम्ही चष्मा पुसलात. मी बघितलं. कागद छपाईला जायच्या आधी शेवटचा बघता ना, तसे वाकून बघत होतात माझ्या पायाकडे. म्हटलं, या माणसाला चुकीचा मजकूर द्यायचा नाही.

डॉक्टर : बरं केलंत. लोक सांगत नाहीत. त्यांना वाटतं, पाय जड म्हणजे भूलच असणार, उगाच कशाला डॉक्टरांना त्रास. प्रयत्न करा बघू आता.

सासरे : करतोय. निरोप पाठवतोय, तिकडून पोच येत नाही.

जावई : परवा मी बोललो नसतो तर...

सासरे : परवाचं परवा झालं. आज आजचं बघा.

जावई : मामा, तुमच्या कपाळावर घाम आलाय.

सासरे : दुखणं येतंय. जिन्यावर पावलं वाजतायत त्याची. डॉक्टर, हे वाईट की चांगलं?

डॉक्टर : चांगलं. औषध उतरतंय असा त्याचा अर्थ. कळ सोसवत नसेल तर शिरेतून दुसरं देते.

सासरे : थोडं थांबा. पाय जागा होऊ दे, मग पोटाला झोपवा. दोघांना एकदम जागं ठेवण्याएवढं बळ नाही माझ्यात. जावईबापू, काहीतरी बोला. वेळ जात नाही.

जावई : काय बोलू?

सासरे : काहीही. शुद्धलेखन बोला.

जावई : आशीर्वाद. शी दीर्घ. रफार वा-वर. तुमचं बरोबर होतं, मामा.

सासरे : काय?

जावई : घरी जाऊन कोशात बघितलं. रफार वा-वरच असतो. चुकलं होतं ते माझं. सांगायचं राहून गेलं.

सासरे : राहून गेलं! ऐकलंत, डॉक्टर? पहिल्या रांगेत बसून चूक काढतात आणि दुरुस्ती छापायला विसरतात. अहो, हसवू नका मला, टाके ओढतात... आई गं...

डॉक्टर : थांबा. हसू नका. काका, आत्ता काय केलंत?

सासरे : हसलो.

डॉक्टर : पायानं काय केलंत?

सासरे : मी काही केलं नाही.

जावई : चादर हलली.

डॉक्टर : उजवीकडची. पुन्हा करा. अंगठा, माझ्याकडे ओढा. हं. हं. अजून.

सासरे : येतोय का? मला इथून दिसत नाही. खरं सांगा, जावईबापू, येतोय का?

जावई : येतोय. थोडा. आता... आता पूर्ण.

डॉक्टर : आणि इथे बोट लावलं तर?

सासरे : गार आहेत हो तुमचे हात.

डॉक्टर : छान. औषधाचाच जोर होता. तासाभरानं पुन्हा बघेन, त्यानंतरही बघत राहीन, आणि नळी आता कमी वेगानं सुरू करू. तोवर दुखण्याचं दुसरं देते, सिस्टर घेऊन येतील. पुन्हा जड वाटलं तर?

सासरे : तर लगेच सांगेन. उजवा असो, डावा असो.

डॉक्टर : येते मी.

सासरे : देव तुमचं भलं करो, बाई. गेल्या. चांगली बाई आहे. बुटकी आहे, पण चांगली आहे. जावईबापू?

जावई : हं.

सासरे : तिकडे तोंड करून काय बसलात?

जावई : काही नाही. पाटी वाचतोय.

सासरे : या खोलीत पाटी नाही.

जावई : हं.

सासरे : अरे, पुरे आता. पाय आहेत जागच्या जागी, कुठे पळून जात नाहीत. तिथे पायाशी नको बसूस. ते स्टूल उचल, आणि इकडे ये, उशाशी.